२८२ गुणांचा अर्ज

२००६ साली माझ्या हातून एका विद्यार्थ्याचे नुकसान झाले. इतिहासाच्या शिक्षकाने लेखाचा आरंभ स्वतःपासून करू नये असा संकेत आहे. तो मी आज मोडतो आहे. कारण या लेखातला प्रश्न मला ग्रंथालयात सापडला नाही, तो माझ्याच चुकीतून पुढे आला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा इतिहास शिकवीत होतो. राळेगावकडचा एक बौद्ध मुलगा माझ्या वर्गात होता. बाप सालगडी, आई हंगामात कापूस वेचायला जाणारी. एम. ए. झाल्यावर या मुलाने विलायतेतल्या दोन विद्यापीठांना अर्ज करायचे ठरविले. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ साली सुरू झाली होती. तिची बातमी त्याने वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवून ठेवलेली होती. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुमचं एक पत्र पाहिजे. रेकमेंडेशन म्हणतात त्याले."

मी स्टाफरूममध्ये बसल्याबसल्या महाविद्यालयाच्या लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या. सदर विद्यार्थ्यास मी तीन वर्षांपासून ओळखतो. तो हुशार, कष्टाळू व आज्ञाधारक आहे. त्याचे नैतिक चारित्र्य चांगले आहे. त्याच्या उज्ज्वल भवितव्यास माझ्या शुभेच्छा. इंग्रजीतून, अर्थात. खाली सही केली, गोल शिक्का मारला. त्याने पत्र दोनदा वाचले आणि विचारले, "सर, याच्यात मी कुठी हाय?"

मी हसलो. म्हणालो, "अरे, शिक्का महत्त्वाचा असतो."

दोन्ही विद्यापीठांचे नकार आले. नकाराची कारणे कोणी कळवीत नाही, म्हणून माझ्या पत्रामुळेच ते आले असे मी सिद्ध करू शकणार नाही. पण मला जे ठाऊक होते ते त्या पत्रात नव्हते, एवढे मात्र मी सिद्ध करू शकतो. या मुलाने दोन उन्हाळे जिल्ह्यातल्या जिनिंग कारखान्यांभोवती घालविले होते. रेच्यावर सरकी वेगळी करण्याचे काम केलेल्या म्हाताऱ्या बायांना गाठून, कोणत्या साली किती मजुरी मिळे, कोण हजेरी मांडे, कोणाचे पैसे कापले जात, हे त्याने तीन वह्यांत उतरवून घेतले होते. त्या वह्या मी पाहिल्या होत्या. एका वहीच्या समासात माझ्या हातच्या खुणाही होत्या. आणि परदेशातल्या अपरिचित प्राध्यापकाला त्याच्याविषयी सांगायची वेळ आली तेव्हा मी काय सांगितले? तो आज्ञाधारक आहे!

हा शब्द माझ्या लेखणीतून कसा उतरला याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आपल्या महाविद्यालयांत शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला. त्याचा साचा जुन्या कचेरीतला आहे. साहेब बदलून जाताना पट्टेवाल्याला, खानसाम्याला लिहून देई की हा इमानदार आहे, सांगितलेले ऐकतो, नव्या साहेबाने ठेवून घ्यावा. तो साचा आम्ही शिक्षकांनी जसाच्या तसा उचलला. ज्या समाजाकडून शतकानुशतके आज्ञाधारकपणाखेरीज दुसरे काहीच मागितले गेले नाही, त्या समाजातल्या मुलाची स्तुती त्याच समाजातल्या शिक्षकाने त्याच शब्दाने करावी, यापेक्षा मोठी शोकांतिका कोणती? मी पाटीपुऱ्यात वाढलो. माझे वडील जिनात गठाणी वाहत. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जाऊन ते दीक्षा घेऊन आले होते. असे असून माझ्या हाताला ती सवय लागलेली होती.

यवतमाळचा आणि विलायतेचा संबंध काही नवा नाही. १९०३ साली मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली. पुढे तिला शकुंतला हे नाव पडले. ती माणसांसाठी टाकलेली नव्हती, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा म्हणून टाकलेली होती. आज त्या मार्गावरची गाडी बंद पडलेली आहे. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इथला कापूस विलायतेला पोहोचत होता. तो वेचणाऱ्या बाईचे पोर तेथे पोहोचायला मात्र अर्ज लागतो, आणि त्या अर्जाला शिफारसपत्र लागते.

यवतमाळातून कापसाच्या गठाणी आगगाडीत भरल्या जात होत्या त्या काळात मुंबईत एक महार मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. वर्ष १९०७. गुण ७५० पैकी २८२. शेकडा काढले तर ३७.६ भरतात. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती, पण अस्पृश्याला ते शिकविले जाणार नव्हते, म्हणून त्याला फारसी घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या चरित्रातला हा आकडा आम्ही जयंतीच्या भाषणांतून सांगत नाही. आम्हाला त्यांच्या पदव्यांची लांब माळ आवडते. वस्तुतः आमच्या मुलांना माळेपेक्षा हा आकडा अधिक उपयोगाचा आहे. या गुणांवर कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स गाठणारा माणूस कोणत्या कागदांच्या बळावर तेथे गेला, हे एकदा वकील दस्तऐवज तपासतो तसे तपासून पाहिले पाहिजे.

पहिली शिफारस कागदावर नव्हतीच. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचायला बसत. तेथे एक मुलगा रोज पुस्तकात डोके घालून बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, मॅट्रिक झाल्यावर त्याच्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. इंटरनंतर घरी पैसा उरला नाही तेव्हा तेच त्याला सयाजीराव गायकवाडांपुढे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. केळुसकर मराठा होते, मुलगा महार. केळुसकरांनी महाराजांना काय सांगितले असेल? हा मुलगा आज्ञाधारक आहे, असे सांगितले असेल काय? जो माणूस रोज संध्याकाळी बागेत एका मुलाला वाचताना पाहतो त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी स्वतःचे, डोळ्यांनी पाहिलेले असते. शिफारसपत्राचा सारा प्राण एवढाच आहे. पत्र लिहिणारा किती मोठा आहे यापेक्षा त्याने काय पाहिले आहे याला किंमत असते. आमची मुले खासदाराचे, मंत्र्याचे पत्र आणायला धावतात. त्या खासदाराने त्यांची वही कधी पाहिलेली नसते. वर्गात शिकविणाऱ्या, प्रबंध तपासणाऱ्या, एखाद्या सर्वेक्षणात बरोबर हिंडलेल्या माणसाचे साधे पत्र त्याहून दहापट जड असते.

दुसरा कागद म्हणजे आज ज्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात तो. मी अमुक विषय का शिकू इच्छितो, तमुक विद्यापीठातच का, शिकून काय करणार, हे सांगणारे निवेदन. १९१३ साली बाबासाहेबांकडे असा कागद मागितला गेला नव्हता. त्यांना तोंडी उत्तर द्यावे लागले. फेब्रुवारीच्या २ तारखेला त्यांचे वडील वारले होते. बडोद्याच्या नोकरीत ते नुकतेच रुजू झालेले होते, आणि ती नोकरी सुटल्यासारखीच होती. महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठविणार आहेत हे कळल्यावर ते मुंबईत महाराजांना भेटले. त्या भेटीची हकीकत चरित्रकारांनी नोंदविलेली आहे. कोणता विषय शिकणार, असे महाराजांनी विचारले. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक अर्थकारण, असे उत्तर मिळाले. ते शिकून काय करणार? आपल्या समाजाची अवनत स्थिती सुधारण्याचा मार्ग त्या अभ्यासातून शोधणार. मग आमची नोकरी कशी करणार, दोन्ही कसे साधणार? त्यावर तरुणाने तो प्रश्न महाराजांवरच सोपविला. महाराजांनी मनात आणले तर तेही जमेल.

या उत्तराकडे नीट पाहिले पाहिजे. बाप जाऊन थोडेच महिने झालेले, घरी खाणारी तोंडे पुष्कळ, पोरवयात शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिलेला नाही. एवढे सारे गाठीशी असताना या तरुणाने त्याची करुण कहाणी मांडली नाही. त्याने विषय मांडला आणि विषयामागचा प्रश्न मांडला. आपले दुःख त्याने लपविले असेही नाही. 'आपला समाज' या दोन शब्दांत ते सारे आहे. पण ते याचना म्हणून आलेले नाही, अभ्यासाचे कारण म्हणून आलेले आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि त्यानंतर दलित आत्मकथनांची रांग लागली. त्या वेळी आमच्या चर्चासत्रांतून एक वाद रंगे. अनुभव सांगणे पुरेसे आहे की अनुभवाचा अर्थ लावणे हेही लेखकाचे काम आहे? मध्यमवर्गीय वाचक आमच्या वेदनेवर हळहळतो आणि आमच्या विचाराला हात लावीत नाही, अशी तक्रार होती. मला आज वाटते, परदेशी विद्यापीठाचा अर्ज हे त्या वादाचे नवे मैदान आहे. आमची मुले निवेदन लिहायला बसली की दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण सगळे झाकून टाकतात. शाळेत सातवीपासून काय काय बक्षिसे मिळाली याची यादी देतात. काही जण झोपडी, कंदील, उपाशी आई यांचे वर्णन करतात आणि तेथेच थांबतात. निवड करणाऱ्या समितीला त्यातून दया येईल, नाही असे नाही. पण प्रवेश दयेवर मिळत नसतो. कंदिलाखाली वाचलेस, मग काय वाचलेस? आई कापूस वेचायला जात होती, तर त्या वेचणीच्या व्यवहारात तुला कोणते कोडे दिसले? त्या कोड्यावर आजवर कोणी लिहिले आहे, ते तुला अपुरे का वाटते, आणि या विद्यापीठातल्या कोणत्या प्राध्यापकाचे काम त्याच्या जवळचे आहे? एवढे आले की निवेदन उभे राहते. एवढे लिहायला तीनचार महिने आणि आठदहा खर्डे लागतात. आमची मुले ते शेवटच्या रात्री सायबर कॅफेत बसून लिहीत. आता मोबाइलवर लिहितात.

बाबासाहेबांच्या पदरात पडलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. नेमलेले विषय शिकायचे आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करायची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी कोलंबियात जे केले ते प्रत्येक अर्जदाराने आकड्यांत पाहावे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. मॅट्रिकचे २८२ गुण या यादीखाली गाडले गेले. मागचे गुण पुसता येत नाहीत, पण त्यांच्यावर नवे काम रचता येते. ज्याचे बी. ए. चे गुण बेताचे आहेत त्याने एम. ए. चा प्रबंध, एखादा प्रसिद्ध झालेला लेख, दोन वर्षांचे क्षेत्रकार्य यांतून ते रचावे.

आता तिसरा कागद. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा त्यांचे कोलंबियातले गुरू एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सिडनी वेब यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. पुढे तेथील प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांनीही संस्थेच्या सचिवांना त्यांच्याबद्दल लिहिले. या विद्यार्थ्याचे काम इतके पुढे गेलेले आहे की त्याने जिंकावे असे येथे फारसे उरलेले नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. १० पौंड १० शिलिंग फी भरून बाबासाहेबांनी नाव नोंदविले. सेलिग्मन हे काही दयाळू गोरे गृहस्थ म्हणून लिहीत नव्हते. तीन वर्षे वर्गात बसलेला, प्रबंध दाखवून घेणारा विद्यार्थी त्यांच्यापुढे होता. दहा वर्षांनंतरही तो धागा तुटला नाही. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थकारणावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला तेव्हा त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती. शिफारसपत्र असे मिळते. अर्जाच्या आधी दोन वर्षे ते मिळवायला लागावे लागते.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांची मुदत दिली. करारानुसार बडोद्याला गेले तर राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले. १९२० मध्ये सिडनेहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांचे १५०० रुपये आणि नवल भथेना या मित्राचे ५००० रुपये कर्ज एवढ्यावर ते पुन्हा लंडनला गेले. फी तेवढ्यात ११ पौंड ११ शिलिंग झाली होती. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठालाही अर्ज केला, तोही जर्मन भाषेत. स्वतःच्या हस्ताक्षरात जर्मनमध्ये लिहिलेले त्यांचे आत्मवृत्त त्या विद्यापीठाच्या दफ्तरात आहे. इंग्रजी ही परकी भाषा म्हणून कच खाणाऱ्या आमच्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

या सबंध फाइलमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते. केळुसकर, सयाजीराव, सेलिग्मन, शाहू महाराज, भथेना. प्रत्येक कागदामागे एक माणूस उभा आहे. बाबासाहेबांची बुद्धी त्यांची स्वतःची. पण त्या बुद्धीची ग्वाही देणारी माणसे त्यांना भेटली, काही त्यांनी मिळविली. सवर्ण घरातल्या मुलाला अशी माणसे जन्माने मिळतात. काका अमेरिकेत, मामेबहीण लंडनला, शेजारी प्राध्यापक. निवेदन वाचून दुरुस्त करणारे घरातच चार जण. राळेगावच्या पोराला फक्त मी होतो, आणि मी चार ओळी लिहिल्या. 'आपल्या मुलांचा अर्ज कच्चा असतो' असे जे म्हटले जाते त्याचा खरा अर्थ हा आहे.

बाबासाहेबांना हे स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. म्हणून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला. मोक्याच्या जागी आपली माणसे बसल्याखेरीज कायद्याचा उपयोग नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली आणि काही अस्पृश्य विद्यार्थी सरकारी खर्चाने विलायतेला गेले. १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. एका संस्थानिकाच्या मर्जीचे रूपांतर हक्कात झाले, हा मोठाच पल्ला होय.

पण हक्क कागदावर आला की त्याला अटींची वाळवी लागते. २०२२ च्या नियमावलीत केंद्राने एक कलम घातले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. २०२२ च्या नियमाने तो विषय घेऊन अर्ज केला असता तर तो बाद झाला असता! दलिताने परदेशात जाऊन इंजिनिअरिंग शिकावे, जातीवर मात्र विचार करू नये, असा याचा सरळ अर्थ निघतो. राज्याकडेही पाहा. २०२४ मध्ये राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी दहावी, बारावी व पदवीला ७५ टक्के गुण, खर्चावर मर्यादा आणि एका कुटुंबातून एकच विद्यार्थी, अशा अटी पुढे आल्या. विद्यार्थ्यांनी आवाज उठविल्यावर गुणांची अट मागे घ्यावी लागली. ३७.६ टक्क्यांच्या माणसाचे छायाचित्र ज्या खात्याच्या भिंतीवर टांगलेले असते त्या खात्याला ७५ सुचावेत! आणि एका घरातून एकच, ही अट मुलीच्या अर्जावर पहिला घाव घालते. घरात मुलगा असेल तर तो एक कोण, हे सांगायला नको. २०२५ मध्ये केंद्राच्या यादीत १०६ जणांची निवड झाली, पण पहिल्या खेपेस ४० जणांनाच पत्रे गेली. बाकीच्यांना निधी असेल तर, असे सांगण्यात आले.

म्हणून मी मुलांना सांगतो की एकाच दारावर बसू नका. विद्यापीठाचा प्रवेश आधी मिळवायचा असतो, शिष्यवृत्तीची जाहिरात नंतर येते. हे उलट समजल्यामुळे पुष्कळांचे वर्ष जाते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, आणि तेथे अर्जाची फी माफ करा असे पत्र लिहिले तर अनेकदा ती माफ होते. आमची मुले मागायलाच लाजतात. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंगचे अर्ज पावसाळ्यात निघतात. त्यासाठी कामाचा २८०० तासांचा अनुभव आणि परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची हमी लागते. बडोद्याच्या दहा वर्षांपुढे ही अट सौम्यच. तेथे नेतृत्व आणि लोकसंपर्क यांवर निबंध मागतात. ते पाहून एक मुलगा मला म्हणाला, "सर, आपल्याजवळ असं काय हाय?" मी विचारले, १४ एप्रिलच्या मिरवणुकीची वर्गणी तीन गावांतून कोण गोळा करते? हिशोब कोण लिहिते? पोलीस परवानगी कोण आणते? तोच करीत होता. ते नेतृत्व आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

हे काम आता एकट्यादुकट्या शिक्षकावर राहिलेले नाही, ही समाधानाची बाब आहे. २०१७ मध्ये राजू केंद्रे या भटक्या समाजातल्या तरुणाने यवतमाळात 'एकलव्य' ही संस्था उभी केली. मुलांना देशातल्या नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करणे, आणि पुढे परदेशी अर्जांसाठीही, हे तिचे काम. २०२१ मध्ये ते स्वतः चिव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोएस या संस्थेत शिकायला गेले. नावाविषयी माझा त्यांच्याशी थोडा मतभेद आहे. एकलव्याने अंगठा दिला. आम्हाला अंगठा द्यायचा नाही. पण काम नावापेक्षा मोठे आहे. तेथे मुलांचे खर्डे कोणीतरी वाचते, लाल शाईने खुणा करते, पुन्हा लिहायला लावते. सवर्ण घरातला काका तेथे संस्थेच्या रूपाने भेटतो. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयांतून मात्र अजून चार ओळींचाच दाखला मिळतो. गेल्याच वर्षी एक पाहिला, माझ्याच २००६ च्या पत्राची नक्कल वाटावा असा.

तो राळेगावचा मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला. तासिका तत्त्वावर शिकवितो. पगार कधी सहा महिन्यांनी निघतो. रविवारी तो यवतमाळात मुलांचे अर्ज तपासून देतो. माझ्यावर त्याने राग धरला नाही, निदान दाखविला नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने घाटंजी तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे पाठविली. कापूस वेचणीची मजुरी किलोवर का ठरते, वेचणाऱ्या बहुतेक बाया का असतात आणि काटा नेहमी कोणाच्या हातात असतो, हा तिचा विषय. भारतावरचा सामाजिक अभ्यास, म्हणून केंद्राचे दार तिला अवघड. ती इतरत्र अर्ज करते आहे. तिने एम. ए. चा प्रबंध माझ्याजवळ केला होता.

या वेळी मी आठ दिवस घेतले. तिच्या वह्या पुन्हा मागवून वाचल्या. एका गावात मालकाच्या काट्यावर भरलेले वजन तिने किराणा दुकानातल्या काट्यावर पुन्हा करून पाहिले होते आणि फरक तारीखवार मांडला होता, हे मी लिहिले. तिच्या प्रबंधातला एक निष्कर्ष मला पटला नव्हता, तिने माझ्याशी वाद घातला आणि पुराव्यानिशी मला माघार घ्यायला लावली, हेही लिहिले. तिचे इंग्रजी कोठे कमी पडते आणि एका वर्षात ते कितीसे सुधारले, तेही झाकले नाही. दोन पाने झाली. ती घेऊन मी त्याच्याकडे गेलो, म्हणालो, तू एकदा पाहून दे.

त्याने चष्मा लावला आणि सावकाश वाचले. पहिल्या पानावर काहीच बोलला नाही. दुसऱ्या पानाच्या शेवटी, सहीच्या जरा वर, मी सवयीने लिहून गेलो होतो की ती स्वभावाने नम्र आहे. त्याने खिशातला पेन काढला, तो शब्द खोडला आणि पाने माझ्या हातात दिली. पत्र दुसऱ्या दिवशी गेले.